नोंद काळी पाचपासून सुरू व्हावी

प्रति,
मराठी विकिपीडियाचे संपादक, प्रचालक आणि पहिलं संपादन अजून व्हायचं आहे असे सर्व वाचक,



वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो आणि दहा-बारा किलोमीटरांची चढण संपली की पाचगणी येते. १९७६ साली या घाटाच्या पायथ्याशी, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या पहिल्या महिन्यात ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत जे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, ते लिहिणारा माणूस घाटमाथ्यावर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात लहानाचा मोठा झाला होता. घरचं नाव फारोख बलसारा. जगाला तो माहीत झाला फ्रेडी मर्क्युरी या नावानं. क्वीन या वाद्यवृंदाचं ते गाणं म्हणजे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’.

हे पत्र त्या एका गाण्यावरच्या नोंदीबद्दल आहे. ज्ञानकोशात हजारो विषय ताटकळत असताना एका इंग्रजी रॉक गाण्यासाठी एवढा आग्रह कशाला, असं कुणाला वाटेल. आग्रहाचं कारण असं की गाण्यावरची नोंद ही ज्ञानकोशातली फार अवघड नोंद असते. नदीची लांबी सांगता येते, किल्ल्याची उंची सांगता येते. गाणं मात्र शब्दांत धरू जावं तर एकीकडे कौतुकाची विशेषणं साचतात आणि दुसरीकडे पुरस्कारांची जंत्री. मधलं गाणंच निसटतं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची नोंद नीट जमली, तर लता मंगेशकरांच्या भावगीतापासून जब्बार पटेलांच्या चित्रपटातल्या गाण्यापर्यंत कुठल्याही गाण्याची नोंद कशी लिहावी, याचा एक नमुना मराठीत तयार होईल.

आधी पाचगणीचा मोह बाजूला ठेवावा लागेल. मोह मोठा आहे आणि प्रेमातून आलेला आहे. मर्क्युरीचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये, पारशी कुटुंबात झाला. वडील तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. बलसारा हे आडनाव गुजरातमधल्या बलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. आठ वर्षांचा असताना मुलाला पाचगणीला शिकायला पाठवलं. तिथे तो पियानो शिकला आणि १९५८ च्या सुमारास ‘द हेक्टिक्स’ नावाचा शाळकरी वाद्यवृंद उभा राहिला, त्यात पियानोवर बसला. १९६४ मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर सगळं कुटुंब इंग्लंडला गेलं. हे सगळं खरं आहे, मराठी वाचकाला जवळचं आहे आणि कुणीतरी मराठीत नीट लिहायलाच हवं आहे. पण ते मर्क्युरीच्या चरित्राच्या नोंदीत. गाणं लंडनमध्ये लिहिलं गेलं, त्याच्या ध्वनिमुद्रणाला वेल्समध्ये सुरुवात झाली, ते बांधताना चार माणसांचे हात आणि तीन माणसांचे गळे खर्ची पडले. गाण्याच्या नोंदीचा पहिला परिच्छेद पाचगणीनं सुरू झाला, तर त्या चौघांवर आणि निर्माता रॉय थॉमस बेकर यांच्यावर अन्याय होईल. पाचगणीला या नोंदीत एक वाक्य पुरे.

मग सुरुवात कुठून करावी? गाण्यापासूनच.

हे गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं आहे आणि त्याला ध्रुवपद नाही. मराठी वाचकाला ही गोष्ट सांगितली की तो लगेच कान टवकारतो, कारण अभंग असो, लावणी असो की भावगीत, ध्रुवपदाकडे परत येणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. इथे परत येणं नाहीच. सुरुवातीला वाद्यांशिवाय, एकावर एक रचलेल्या आवाजांचा सुमारे ५० सेकंदांचा प्रवेश. मग पियानोवर संथ चालीचं एकट्याचं गाणं, ते अडीच मिनिटांच्या थोडं पुढे संपतं. मग ब्रायन मे यांची गिटार. वडिलांच्या मदतीनं घरी बनवलेली ‘रेड स्पेशल’ ही ती गिटार, आणि त्या तुकड्याची चाल मे यांनी स्वतः रचलेली. तीन मिनिटांनंतर गाणं एकदम ऑपेराच्या धाटणीत शिरतं. समूहस्वर, सवाल-जवाब, चढत जाणारे आवाज. हे साधारण मिनिटभर चालतं. मग पाऊण मिनिट दणदणीत हार्ड रॉक. शेवटी पुन्हा पियानो, पुन्हा संथपणा, आणि क्वीनचे ड्रमवादक रॉजर टेलर यांनी वाजवलेल्या मोठ्या गाँगचा एकच ठोका. हे सहा भाग, त्यांच्या वेळा आणि प्रत्येक भागात कोण काय वाजवतं आणि गातं, एवढं जरी नोंदीत क्रमानं आलं, तरी वाचक गाणं लावून नोंद वाचू शकेल. गाण्यावरच्या नोंदीनं आधी हे काम केलं पाहिजे, असं या पत्राचं म्हणणं आहे.

आता स्वरांकडे. गाणं बी फ्लॅट मेजरमध्ये सुरू होतं, असं इंग्रजी पुस्तकांत असतं आणि मराठीत ते तसंच उचललं जातं. आपल्याकडे पेटीवाल्यांची एक सरळ, रुळलेली भाषा आहे. बी फ्लॅट म्हणजे काळी पाच. मुंबईतल्या गल्लीतल्या बँडमधल्या कॅसिओवाल्यापासून कीर्तनातल्या पेटीवाल्यापर्यंत सगळ्यांना ती कळते. गाणं काळी पाचमध्ये सुरू होतं, गिटारच्या तुकड्याशी काळी दोनकडे सरकतं, ऑपेराचा भाग पांढरी सहामध्ये उघडतो, रॉकचा भाग पुन्हा काळी दोनवर येतो आणि अखेरचा सूर पांढरी चारवर विसावतो. एवढं वाचून ज्याच्या घरी पेटी आहे तो पेटीजवळ जाऊन बसेल. नोंदीत दोन्ही द्यावं: बी फ्लॅट मेजर आणि काळी पाच. पहिलं जगाशी जोडायला, दुसरं घराशी.

इथे एका गोष्टीची खबरदारी मात्र हवी. मेजर स्वरमालेचे सगळे सूर शुद्ध, म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे. पण म्हणून हे गाणं ‘राग बिलावलमध्ये’ आहे असं लिहिणं चूक. रागाला चलन असतं, वादी-संवादी असतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे षड्ज एका जागी स्थिर असतो. तंबोरा तोच सांभाळत बसतो. या गाण्यात षड्जच वाटेत तीन-चार वेळा जागा बदलतो आणि सुटला त्या जागी परत येत नाही. आपल्या कानाला हे गाणं सहा मिनिटांचं असूनही लांबच्या प्रवासासारखं वाटतं, त्याचं एक कारण हे असावं. आता, हे शेवटचं वाक्य या पत्रात शोभतं, नोंदीत शोभणार नाही. ते पत्रलेखकाचं स्वतःचं मत आहे. कुणा संगीतअभ्यासकानं तसं छापील लिहिलं असेल तर त्याच्या नावानं येऊ द्यावं, नाहीतर नाही. विकिपीडियाच्या भाषेत याला ‘मूळ संशोधन’ म्हणतात आणि त्याला तिथे मज्जाव आहे. संगीताच्या नोंदींत हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण ऐकणाऱ्याला आपलं ऐकणंच पुरावा वाटतं.

विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचं आडनाव आणि नाव छापलेलं असतं. वाचक त्या नावावर विश्वास ठेवतो. नाव अधिकारी माणसाचं असतं, म्हणून वाक्यावाक्याला दाखला मागावा लागत नाही. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात नोंदीखाली असं नाव नसतं. इतिहासाच्या पानावर सदस्यनावांची रांग असते, त्यांतली निम्मी टोपणनावं. त्यामुळे विश्वकोशात जे वजन लेखकाच्या नावाला आहे, ते विकिपीडियावर संदर्भाला यावं लागतं. ‘संदर्भ हवा’ हा चौकटी कंसातला शेरा कुणाला अपमान वाटतो. पण रिकाम्या राहिलेल्या सहीच्या जागेकडे तो फक्त बोट दाखवत असतो.

या गाण्याच्या बाबतीत संदर्भाशिवाय एक पाऊलही टाकू नये, असं ठिकाण म्हणजे ध्वनिमुद्रणाची कथा. खरा मजकूर समृद्ध आहे. ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या मॉनमथशायरच्या रॉकफिल्ड स्टुडिओत काम सुरू झालं, पुढे आणखी काही स्टुडिओंत गेलं आणि तीनेक आठवडे चाललं. त्या काळी एका चुंबकीय फितीवर २४ पट्टे असत, म्हणजे २४ वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी नोंदवता येत. ऑपेराच्या भागासाठी मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांना शेकडो माणसांच्या वृंदासारखं ऐकू यायचं होतं. मग त्यांनी काय केलं? काही पट्टे भरले की ते सगळे एकत्र करून दुसऱ्या फितीवर एक-दोन पट्ट्यांत उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा गायचं, पुन्हा उतरवायचं. प्रत्येक उतरवण्यात आवाजाची थोडी झीज होते, थोडी खरखर वाढते. त्या मर्यादेशी झुंजत हे काम चाललं. मर्क्युरी मधल्या पट्टीत, मे खालच्या आणि टेलर सगळ्यात वरच्या, कानाला टोचेल इतक्या उंच सुरात. चौथे, बासवादक जॉन डीकन, यांनी या गाण्यात आवाज दिला नाही.

आवाजावर आवाज चढवण्याच्या या प्रकाराला मराठीत ‘ओव्हरडब’ म्हणायला हरकत नाही, ध्वनिमुद्रणवाले तेच म्हणतात. पण पहिल्यांदा येताना एका वाक्यात त्याचा अर्थ सांगावा. आणि आकडा सांगताना सांगणाऱ्याचं नाव सांगावं. १८० पर्यंत ओव्हरडब झाले, दिवसाला दहा-बारा तास गायलो, फीत इतकी झिजली की तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं, या गोष्टी त्या खोलीत हजर असलेल्यांच्या आठवणीतून आलेल्या आहेत. आठवणीला किंमत असते. पण ती आठवण म्हणूनच लिहिली जावी. ‘फीत पारदर्शक झाली’ आणि ‘फीत पारदर्शक झाली होती असं वाद्यवृंदाच्या सदस्यांनी सांगितलं आहे’ या दोन वाक्यांत सगळा ज्ञानकोश मावतो.

डोळ्यांवरही विसंबू नये. गाण्याच्या चित्रफितीत सुरुवातीलाच चार चेहरे अंधारातून वर पाहत गाताना दिसतात. ‘क्वीन टू’ या आधीच्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर मिक रॉक यांनी टिपलेल्या छायाचित्राची ती आठवण. पाहणारा साहजिकच समजतो की चौघं मिळून गात आहेत. मूळ ध्वनिमुद्रणाचे वेगवेगळे पट्टे ऐकले तर त्या प्रवेशातले सगळे आवाज एकट्या मर्क्युरीचे असल्याचं कळतं. चित्रफीत पाहून लिहिलेली नोंद इथे चुकते, पट्टे ऐकून लिहिलेल्या अभ्यासावरची नोंद चुकत नाही.

याच चित्रफितीभोवती आणखी एक वाक्य जगभर फिरतं: ‘हा जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ’. मराठी वर्तमानपत्री लेखांतही ते सहज येऊन जातं. ते खरं नाही. बीटल्सनी १९६६ मध्येच ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ या गाण्यांसाठी प्रचारफिती केल्या होत्या. खरं वाक्य जरा लांब आहे आणि जास्त रंजकही. ब्रूस गोवर्स यांच्या दिग्दर्शनाखाली १० नोव्हेंबर १९७५ रोजी एल्स्ट्री स्टुडिओत ही फीत काही तासांत चित्रित झाली आणि २० नोव्हेंबरला बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात दाखवली गेली. एवढे चढवलेले आवाज कार्यक्रमात उभं राहून गाणं चौघांना अवघडच होतं, म्हणून फीत हा सोयीचा मार्ग ठरला. तिच्या यशानंतर गाण्याबरोबर फीत काढण्याची पद्धत कंपन्यांत रुळत गेली. ‘पहिला’ हा शब्द काढला की हा सगळा इतिहास लिहायला जागा होते. नोंद सुधारताना सगळ्यात आधी ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वश्रेष्ठ’, ‘अजरामर’ हे शब्द शोधून काढावेत आणि प्रत्येकाला विचारावं, तुझ्यामागे कोण उभं आहे?

‘एकमेव’ला कधी कधी उत्तर मिळतंही. हे गाणं १९७५ च्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. एकूण नऊ आठवडे ते तिथे राहिलं. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सशी संबंधित आजारात मर्क्युरीचा मृत्यू झाला. त्यानंतर डिसेंबरमध्ये ते ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ या गाण्याच्या जोडीनं पुन्हा काढलं गेलं, त्याचं उत्पन्न एड्सविषयी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेलं आणि पाच आठवडे ते पुन्हा अव्वल राहिलं. त्याच कलावंतांच्या त्याच ध्वनिमुद्रणानं दोनदा नाताळचा पहिला क्रमांक मिळवल्याचं २०२४ पर्यंत दुसरं उदाहरण नव्हतं. अमेरिकेत कहाणी वेगळी आहे. १९७६ मध्ये तिथे ते नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं, आणि १९९२ मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात मोटारीतली पोरं या गाण्यावर माना हलवताना दिसल्यावर दुसऱ्या क्रमांकावर गेलं. आकड्यांचा विभाग इतकाच असावा. प्रत्येक देशाची यादी, प्रत्येक वर्षाचा क्रमांक, प्रत्येक मासिकाच्या ‘शंभर गाण्यां’तली जागा भरत बसलं तर नोंद फुगते आणि वाचक मध्येच सोडून जातो. १९७६ च्या जानेवारीअखेर या गाण्याला पहिल्या क्रमांकावरून हटवलं ते अ‍ॅबाच्या ‘मामा मिया’नं, ही गोष्ट वाचायला गोड आहे, कारण तेच दोन शब्द या गाण्याच्या ऑपेरातही येतात. तिला एका ओळीपेक्षा जास्त जागा देऊ नये.

रेडिओची गोष्ट मात्र जरूर यावी, कारण ती गाण्याच्या नशिबाशी जोडलेली आहे. सहा मिनिटांचं गाणं कुठलं रेडिओ केंद्र वाजवणार, अशी शंका घेतली जात होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरचे निवेदक केनी एव्हरेट यांच्या हातात ते आधीच पोहोचलं आणि शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत त्यांनी ते १४ वेळा वाजवलं. ऐकणारे दुकानांत जाऊन तबकडी मागू लागले. ती ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी बाजारात आली.

२०१८ च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटानं हे गाणं नव्या पिढीच्या घराघरात नेलं, त्याबद्दल कृतज्ञच असावं. रामी मलेक यांना त्यातल्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. पण चित्रपट हा नोंदीचा संदर्भ होऊ शकत नाही. त्यात गाणं लांब आहे म्हणून तबकडी काढायला नकार देणारा कंपनीचा अधिकारी रे फॉस्टर हे रचलेलं पात्र आहे. ती भूमिका केली आहे माइक मायर्स यांनी, म्हणजे ‘वेन्स वर्ल्ड’मध्ये मोटारीत बसून माना हलवणाऱ्यांपैकीच एकानं. ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीआधी वाद्यवृंद फुटलेला होता असं चित्रपट दाखवतो. प्रत्यक्षात १९८४ मध्ये ‘द वर्क्स’ हा संग्रह निघाला होता आणि १९८५ च्या जानेवारीत ते रिओमध्ये वाजवत होते. ‘वी विल रॉक यू’ १९७७ चं, चित्रपटात ते १९८० मध्ये जन्मतं. पटकथेला ही मुभा असते. ज्ञानकोशाला नसते. चित्रपटानंतर आलेल्या लेखांत ही दृश्यं घटना म्हणून मिसळली आहेत, म्हणून २०१८ नंतरचा कुठलाही संदर्भ घेताना एकदा मागे वळून पाहावं की ही माहिती चित्रपटाच्या आधी छापलेली आहे का.

अर्थाचा विभाग हा सगळ्यात निसरडा. मर्क्युरीनं गाण्याचा अर्थ सांगायला कायम नकार दिला. ऐकणाऱ्यानं आपला आपण लावावा, अशी त्याची भूमिका होती. कुणी त्यात लैंगिकतेविषयीची कबुली ऐकली, कुणाला फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची कादंबरी आठवली. ही मतं ज्यांची त्यांच्या नावावर, आटोपशीर यावीत. आपल्याकडच्या संपादकाला इथे वेगळी ओढ लागते. गाण्यात गॅलिलिओ आहे, फिगारो आहे, इटालियन नाटकातला स्कारामूश आहे, आणि अरबीतला ‘बिस्मिल्ला’ही आहे. झांझिबारच्या मशिदी, पाचगणीची शाळा, पारशी घर हे सगळं जोडून त्या एका शब्दाचा उगम सांगण्याचा मोह होतो. जोडणी सुंदर दिसते. लेखकानं ती स्वतः केलेली नाही, म्हणून नोंदीतही ती केली जाऊ नये. शब्द अरबी आहे, त्याचा अर्थ ‘ईश्वराच्या नावानं’, एवढी तळटीप मराठी वाचकाला पुरते. खरं तर त्याला तीही लागणार नाही. तो शब्द त्याच्या ओळखीचाच आहे.

नोंद एकदा लिहून झाली की संपली असं नसतं, याचा या गाण्याइतका चांगला दाखला मिळणं कठीण. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला सदबीजनं मर्क्युरीच्या घरातल्या वस्तूंचा लिलाव केला. त्यात या गाण्याचे हस्तलिखित कच्चे खर्डे होते, ब्रिटिश मिडलँड एअरवेजच्या १९७४ च्या दिनदर्शिकेच्या कागदांवर लिहिलेले. त्यांतल्या एका पानावर वर ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असं लिहून ‘मंगोलियन’वर काट मारलेली आणि ‘बोहेमियन’ केलेलं. तोवर गाण्याच्या जन्माविषयी बहुतेक मित्रांच्या आठवणींवर बोललं जाई. साठच्या दशकाच्या अखेरीस मर्क्युरी यातल्या काही सुरावटी पियानोवर चाचपत असे, असं त्याच्या कॉलेजातल्या एका मित्रानं सांगितलेलं आहे. आता आठवणीच्या शेजारी कागद आला. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत. सुरावट आधीची आणि शब्द नंतरचे असू शकतात. पण नोंदीत कागद आधी यावा, आठवण मागून यावी, आणि कुठलं काय आहे ते वाचकाला दिसावं. खर्ड्यांना १० लाख पौंडांहून जास्त किंमत आली, हा आकडा शेवटी आला तरी चालेल. त्या काट मारलेल्या शब्दानं गाण्याबद्दल जितकं सांगितलं, तितकं किंमत सांगत नाही.

गाण्याचे शब्द नोंदीत चिकटवू नयेत, ही विनंती हात जोडून. प्रेमापोटी हे वारंवार होतं, मराठी गाण्यांच्या बाबतीत तर फारच. मर्क्युरीचा मृत्यू १९९१ चा. भारतीय कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०५१ संपेपर्यंत शब्दांवर हक्क राहतो, ब्रिटनमध्ये ७० वर्षं, म्हणजे २०६१ संपेपर्यंत. ध्वनीच्या नमुन्याबद्दल इंग्रजी विकिपीडियानं घालून घेतलेली मर्यादा उपयोगी आहे: गाण्याच्या लांबीच्या दहा टक्के किंवा ३० सेकंद, यांतलं जे कमी असेल ते. या गाण्याचे दहा टक्के ३५ सेकंद होतात, म्हणजे ३० सेकंदच. हाताशी ३० सेकंदच असतील तर कुठले निवडावेत? पत्रलेखकाच्या मते ऑपेराचा भाग संपून रॉक सुरू होतो तो सांधा. नोंदीत शब्दांनी जे सांगितलेलं असेल ते तिथे कानांनी तपासता येतं.

भाषांतराबद्दल थोडं. इंग्रजी नोंदीवरून मराठी नोंद करायला परवानगी आहे. मूळ नोंदीचा उल्लेख संपादनाच्या सारांशात केला की झालं. हल्ली यंत्र हे काम क्षणात करून देतं, आणि नेमकी संगीताची नोंद यंत्राच्या हातात वाईट बिघडते. हार्ड रॉकचा कठीण खडक होण्याचा धोका असतो, सिंगलचा अविवाहित, गाण्यातल्या ब्रिजचा पूल, कीची किल्ली, रेकॉर्डची नोंद. शब्द सुधारता येतात. वाक्यं सुधारणं जास्त अवघड, कारण ती वरवर बरोबर असतात आणि तरी मराठीत कुणी तशी बोलत नाही. यंत्रानं दिलेला मजकूर धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर ठेवावा, मोठ्यानं वाचावा, मग पुसून टाकावा आणि त्यातली माहिती आपल्या भाषेत पुन्हा लिहावी. वेळ दुप्पट लागतो. पण शाळकरी मुलगी ही नोंद उघडेल तेव्हा तिच्यासमोर तिच्याच भाषेतलं वाक्य असेल. इंग्रजी पुस्तकं, जुनी इंग्रजी मासिकं, ध्वनिमुद्रणावरचे माहितीपट हे संदर्भ असणारच, त्यात कमीपणा नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे केले तेव्हा तेही परभाषांतली माहिती मराठीत आणत होतेच, आणि ती मराठीत विचार करून मांडत होते.

ठोस विनंत्या थोड्या आहेत. या गाण्याच्या चर्चा पानावर एक नवा विभाग उघडावा आणि नोंदीतलं एकेक वाक्य तिथे आणून त्याच्यापुढे संदर्भ आहे की नाही हे लिहावं. ज्यांना पेटी येते त्यांनी काळी-पांढरीचा परिच्छेद तपासावा, त्यासाठी संपादनाचा अनुभव लागत नाही. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम केलेले, फितीचा जमाना हातानं अनुभवलेले लोक पुण्या-मुंबईत आहेत. पट्टे एकत्र करून उतरवणं म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी कुणी चार वाक्यांत समजावून दिलं आणि दुसऱ्या कुणी त्याला छापील आधार शोधून दिला, तर ती चार वाक्यं मराठीतल्या कितीतरी संगीतविषयक नोंदींना उपयोगी पडतील. मतभेद झाले तर विकिपीडियाची चावडी, म्हणजे सामायिक चर्चापान, आहेच.

आणि वाईतला एखादा वाचक सुट्टीच्या दिवशी घाट चढून पाचगणीला गेला, तर त्यानं परवानगी घेऊन शाळेच्या इमारतीचं एक स्वच्छ छायाचित्र काढावं, मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर चढवावं आणि मर्क्युरीच्या चरित्राच्या नोंदीत लावावं. गाण्याच्या नोंदीत त्या जागी रॉकफिल्डचं छायाचित्र असू द्यावं.

कळावे,
एक वाचक